घरबसल्या टायपिंग आणि रुग्णाचे गुपित

परवा मानदुखीची तक्रार घेऊन एक ताई दवाखान्यात आल्या. काय काम करता, असे विचारल्यावर म्हणाल्या, "घरीच बसून डॉक्टरांचे रिपोर्ट टाइप करते." डॉक्टरांनी बोलून ठेवलेला मजकूर हेडफोनवर ऐकायचा आणि रुग्णाचा अहवाल तयार करायचा, याला मेडिकल ट्रान्सक्रिप्शन म्हणतात. हल्ली पहिला मसुदा बऱ्याचदा संगणकच लिहितो. पण त्यातल्या चुका काढायला माणूस लागतोच. जळगाव-धुळ्यात राहून करता येण्याजोगे हे काम आहे. मानेचे बघून झाल्यावर मी सहज विचारले, टेबल कुठे ठेवले आहे?

"पुढच्या खोलीत. पंखा तिथेच आहे ना!"

आपल्याकडचा मे महिना ज्याने काढला आहे, तो या उत्तराला नावे ठेवणार नाही. पण पुढच्या खोलीत शेजारी येतात, पाहुणे येतात. पडद्यावर कोणाच्या तरी गाठीचा, गर्भपाताचा, मानसिक आजाराचा अहवाल उघडा असतो. नाव लिहिलेले नाही म्हणून निर्धास्त राहू नका. "एरंडोल, वय 52, मुख्याध्यापिका" एवढे वाचले की गावात ओळख पटायला वेळ लागत नाही. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलच्या तपासण्या होतात. सिकलसेलचा वाहक हा बहुधा ठणठणीत असतो. पण "रिपोर्टमध्ये काहीतरी निघाले" एवढी कुजबुज मुलीचे जमलेले लग्न मोडायला पुरते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. हे त्या दोघांना कळलेच पाहिजे, पण ते डॉक्टरांकडून, शेजारणीकडून नव्हे.

एचआयव्हीबाबत तर 2017 चा स्वतंत्र कायदा आहे. विश्वासाने कळलेली अशी माहिती त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय कोणीही उघड करू नये, असे तो सांगतो. हे बंधन केवळ डॉक्टरांवर नाही.

2003 साली अमेरिकेत एक प्रकरण गाजले. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयाचे टायपिंगचे काम एका कंत्राटदाराकडून दुसऱ्याकडे, असे करत कराचीतल्या एका महिलेपर्यंत पोचले होते. तिचे पैसे थकले. तिने थेट रुग्णालयाला ई-मेल केला: पैसे द्या, नाहीतर रुग्णांची कागदपत्रे इंटरनेटवर टाकते. आपले काम इतक्या दूर जाते, याची रुग्णालयाला कल्पनाही नव्हती. धमकी चुकीचीच होती. तथापि माझ्या मते दोष साखळीचाही होता. म्हणून काम घेताना ते मूळ कोणाचे, फाइल किती दिवस ठेवायची, पैसे कधी मिळणार, हे लेखी घ्यावे.

आता उपयोगी साधनांकडे वळू. पहिले म्हणजे पायाने चालवायचे पेडल. पाय दाबला की आवाज सुरू, उचलला की बंद, आणि पुन्हा दाबल्यावर एक-दोन सेकंद मागून सुरू, अशी सोय त्यात करता येते. हात कळफलकावरच राहतात, मान सारखी माउसकडे वळत नाही. ताईंच्या दुखण्याचे मूळ बहुधा तेच होते. दुसरे, वर्डमधली ऑटोकरेक्टची सोय: चार अक्षरे टाइप केली की पूर्ण वाक्य उमटते. त्यात ठरीव वाक्येच ठेवावीत, रुग्णांची नावे कधीही साठवू नयेत. तिसरे, कान झाकणारा हेडफोन. स्पीकरवर ऐकणे म्हणजे अख्ख्या वाड्याला ऐकवणे!

संगणक घरात एकच असेल तर कामासाठी वेगळे युजर खाते आणि वेगळा पासवर्ड ठेवा. चहा ठेवायला उठलात तरी विंडोज आणि एल ही बटणे एकत्र दाबा, पडदा कुलूपबंद होतो. नुसते डिलीट केलेली फाइल रिसायकल बिनमध्ये पडून राहते, आणि तिथून काढली तरी जाणकाराला ती बऱ्याचदा परत मिळवता येते. म्हणून सगळी डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे सांकेतिक करून घ्यावी. बिघाड झाल्यावर संगणक दुकानात टाकून यायचा तर हे आधी केलेले असले पाहिजे.

सर्वांत जास्त गळती मात्र भोळेपणाने होते. शब्द कळला नाही की पडद्याचा फोटो काढून मैत्रिणींच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकायचा, किंवा अख्खा उतारा फुकटच्या एखाद्या एआय संकेतस्थळावर चिकटवायचा. विचारायचे तर तेवढा एकच शब्द विचारा. अंदाजाने तर मुळीच लिहू नका. हायड्रॅलझिन रक्तदाबासाठी, हायड्रॉक्सिझिन खाजेसाठी. कानाला दोन्ही सारखीच. इंग्रजीत पंधरा आणि पन्नास यांचाही असाच घोळ होतो. ऐकू आले नाही तर जागा कोरी सोडून ध्वनिफितीतली वेळ लिहावी, डॉक्टर ती भरतील.

ताईंनी टेबल माजघरात हलवले आहे, पाठ भिंतीकडे आणि पडदाही भिंतीकडेच वळलेला. पंखा नवा घ्यावा लागला. मान आठवड्यात निम्मी उतरली. पेडल आल्यावर बघू.