शर्यतीची प्रेक्षणीयता : शंकरपट आणि रॉकेट-विमान

शर्यत प्रेक्षणीय ठरण्यास केवळ वेग पुरेसा नसतो. धाव आरंभापासून अंतापर्यंत दृष्टीच्या टप्प्यात असावी, कोण पुढे आहे हे तत्काळ कळावे आणि जय कशामुळे मिळाला याचा उलगडा प्रेक्षकास स्वतःच्या अनुभवावरून व्हावा, अशा तीन अटी सांगता येतील.

यवतमाळ जिल्ह्यात व शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथे परिचित असलेला शंकरपट या तिन्ही अटी पूर्ण करतो. धाव सरळ व आखूड असते. अनेक ठिकाणी प्रत्येक जोडीची धाव घड्याळावर मोजली जाते. प्रतिस्पर्धी शेजारी नसला तरी आधीच्या जोडीला लागलेला वेळ सर्वांस ठाऊक असतो. शिवाय प्रेक्षकांपैकी बहुतेक शेतकरी असल्याने बैलाची चाल व धुरकऱ्याचे कसब ते जाणतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा शर्यतींवर बंदी घातली, २०२१ साली महाराष्ट्रात त्यांस सशर्त परवानगी दिली आणि २०२३ साली राज्याचा कायदा वैध ठरविला. जनावरांच्या यातनांचा प्रश्न त्यामुळे संपत नाही. परंतु बंदीनंतरही टिकलेले आकर्षण विचारात घ्यावेच लागते.

यंत्रास यातना नसतात. तेव्हा रॉकेट-विमानांची शर्यत हा निर्दोष पर्याय ठरेल काय? अमेरिकेत २००५ साली ‘रॉकेट रेसिंग लीग’ स्थापन झाली. २००८ साली ऑशकॉश येथे आणि २०१० साली टल्सा येथे तिची प्रात्यक्षिके झाली. पण स्पर्धांचा एकही मोसम पार पडला नाही. अशा अपयशामागे आर्थिक कारणे असू शकतात. तथापि काही अडचणी मूळ कल्पनेतच आहेत.

ताशी ४८० किलोमीटर, म्हणजे सेकंदास सुमारे १३३ मीटर वेगाने जाणारे विमान घ्या. ते तीन किलोमीटर दूर असता त्याचा आवाज सुमारे नऊ सेकंदांनी पोचतो. तोवर विमान १.२ किलोमीटर पुढे गेलेले असते. नऊ मीटर लांबीचे विमान तेथून चंद्रबिंबाच्या एक-तृतीयांश एवढेच दिसते. दोन विमानांपैकी कोणते शंभर मीटर पुढे आहे, हे त्या अंतरावरून डोळ्यांस नेहमीच उमगते असे नाही. म्हणूनच लीगने आकाशातील मार्ग पडद्यावर कृत्रिम रीतीने दाखविण्याची योजना केली होती. परंतु जे पडद्यावरच पाहावयाचे, त्यासाठी मैदानावर कशास यावे?

मार्ग आखूड करावा, तर वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गुरुत्वाच्या चौपट भार सोसून समपातळीत वळताना वरील वेगास सुमारे ४७० मीटर त्रिज्या लागते. ताशी ३०० किलोमीटरला सुमारे १८३ मीटर पुरते. अर्थात वेग जितका अधिक, तितकी शर्यत प्रेक्षकापासून दूर जाते. विमान जवळ आणणेही धोक्याचे : रीनो येथील २०११ च्या अपघातात वैमानिकासह अकरा जण मृत्युमुखी पडले. तेथे तर विमाने पंख्याचीच होती.

रॉकेट इंधनासोबत प्राणवायूही वाहून नेते. त्यामुळे ज्वलन काही मिनिटांतच संपते. केव्हा इंजिन पेटवावे व केव्हा घसरत जावे, हे वैमानिकाचे खरे कसब होय. पण टाकीत उरलेला साठा प्रेक्षकास दिसत नाही.

याउलट २००३ ते २०१९ या काळात, मध्यंतरी खंड पडूनही, चाललेल्या रेड बुल विमान-शर्यतीत पंख्याची विमाने जमिनीलगत, हवा भरलेल्या खांबांमधून, एकेक करून घड्याळावर उडत. ही रचना शंकरपटाचीच. रॉकेट-विमानास प्रेक्षक मिळवावयाचे असल्यास त्यालाही हाच मार्ग पत्करावा लागेल; मात्र आखूड मार्गावर वेग आवरावा लागत असल्याने रॉकेटचे वैशिष्ट्यच लोपेल. सारांश, रॉकेट-विमानाचे प्रात्यक्षिक लोक कुतूहलाने एकवार पाहतील. पुनःपुन्हा पाहावी अशी शर्यत त्यातून निर्माण होणे कठीण होय.