आधी टेप, मग ट्रेक



"दिवाळीच्या सुट्टीत कुठे?" या प्रश्नाला सिंगापुरातल्या मराठी घरांत ठरलेली उत्तरे असतात: पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर. गेल्या वर्षी मी "ताईबरोबर एकवीस दिवस पाठीवर सॅक घेऊन नेपाळात चालायला" असे उत्तर दिले, तेव्हा मित्रांनी आधी माझ्या तोंडाकडे आणि मग माझ्या पोटाकडे पाहिले. दोन्ही नजरा रास्तच होत्या. वय छत्तीस, धंदा सॉफ्टवेअरचा, दिवसाचे दहा तास खुर्चीत. चालणे म्हणजे घर ते एम.आर.टी. स्टेशन, तेही बरेचसे सरकत्या जिन्यावरून.

बेत ताईचा. आमच्या बाबांना मुक्तिनाथला जायचे होते. "रिटायर झालो की जाऊ" म्हणता म्हणता अठ्ठावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने ते गेले. ताई नाशिकला शाळेत शिकवते, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, आणि पहाटे पांडवलेणीच्या पायऱ्या चढून आल्याशिवाय चहा घेत नाही. तिने फोनवर सांगितले, "मुक्तिनाथला जीपने नाही जायचं. अन्नपूर्णा सर्किटने, थोरोंग ला ओलांडून, चालत. येतोस का?" मी "येतो" म्हणालो. थोरोंग ला ही खिंड ५४१६ मीटर उंच आहे, हे मी फोन ठेवल्यावर पाहिले. आपली बुकित तिमाह टेकडी १६४ मीटर. म्हणजे एकावर एक तेहतीस बुकित तिमाह!

व्ही.पी.पी.चा स्वेटर आणि चौतीस नंबर

सुरुवात कपड्यांपासून केली, कारण खरेदी हा तयारीचा सर्वांत सोपा भाग. सिंगापूरच्या दुकानांत सगळे मिळते, पण माझा जीव एका अमेरिकन कंपनीच्या कॅटलॉगातल्या चालण्याच्या पँटवर आणि मेंढीच्या बारीक लोकरीच्या बनियनवर जडला. टपालाने मागवायचे ठरवले.

टपालाने कपडे मागवण्याचा आमच्या घराला पूर्वानुभव होता. मी दुसरीत असताना बाबांनी मासिकातली जाहिरात पाहून व्ही.पी.पी.ने एक स्वेटर मागवला होता. पोस्टमनला पैसे मोजले, पुडके फोडले, तर त्या स्वेटरात मी आणि ताई दोघे एकदम मावत होतो. तो परत पाठवायची सोय नव्हती. आईने तो उसवून त्यातून दोन स्वेटर विणले.

या वेळी चूक माझीच झाली. फॉर्मवर कमरेचे माप विचारले होते. मी डोळे झाकून "३४" लिहिले. गेली दहा वर्षे माझ्या पँटचा नंबर तोच आहे. पार्सल आले आणि पँट मांडीपर्यंत सुखरूप चढली, पण बटण काही लागेना. परत पाठवायचा खर्च अडतीस डॉलर. चरफडत बायकोच्या शिवणाच्या डब्यातला टेप काढला. बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, पोट आत न ओढता माप घेतले. अडतीस इंच!

गोम अशी की आपण पुरुष मंडळी पँट पोटाच्या खाली बांधतो. पोट वाढत जाते, पँट खाली सरकत जाते, नंबर मात्र तोच राहतो. पँटचा नंबर म्हणजे कमर नव्हे, हे मला अडतीस डॉलर मोजून कळले.

टेपने सांगितलेली गोष्ट

अडतीस इंच म्हणजे सुमारे ९७ सेंटिमीटर. आशियाई पुरुषांसाठी कमरेची मर्यादा ९० सेंटिमीटर मानतात, स्त्रियांसाठी ८०. त्यापुढे पोटातली चरबी वाढलेली समजावी आणि मधुमेह व हृदयविकाराचा धोकाही. उंची-वजनाच्या गुणोत्तराचे (बी.एम.आय.) तसेच. युरोपीय लोकांसाठी २५ ची रेघ असते, सिंगापुरात ती आपल्यासारख्यांसाठी २३ ला धरतात आणि २७.५ च्या पुढे जास्त धोका मानतात. माझी उंची १७१ सेंटिमीटर, वजन ८१ किलो, उत्तर २७.७. बाबांची आठवण होऊन त्याच आठवड्यात रक्त तपासले. उपाशीपोटी साखर ६.३, म्हणजे भारतातल्या हिशेबात ११३ (इथल्या आकड्याला १८ ने गुणावे). मधुमेह नाही, पण ६.१ ते ६.९ हा त्याचा उंबरठा आहे आणि मी उंबरठ्यावर उभा होतो.

डॉक्टरांनी घाबरवले नाही. उलट त्यांनी सांगितलेली माहिती दिलासा देणारी होती. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात उंबरठ्यावरच्या लोकांना आठवड्याला दीडशे मिनिटे चालणे आणि सात टक्के वजन कमी करणे, एवढेच लक्ष्य दिले होते. मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. आपल्या लोकांवर चेन्नईत तसाच अभ्यास झाला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. तिथे घट २८.५ टक्के होती. अमेरिकेपेक्षा कमी, पण थोडीथोडकी नव्हे.

लिफ्ट बंद, तांदूळ पाठीवर

डोंगर नसलेल्या गावात डोंगराचा सराव कसा करायचा? याचे उत्तर सिंगापूरने पूर्वीच दिले आहे. १९९८ च्या मे महिन्यात सिंगापूरच्या पहिल्या एव्हरेस्ट मोहिमेतले एडविन स्यू आणि खू स्वी चाउ शिखरावर पोचले. या मंडळींनी उंच इमारतींच्या जिन्यांवर ओझी घेऊन सराव केला होता. (त्याच महिन्यात आपल्या पुण्याचे सुरेंद्र चव्हाणही एव्हरेस्टवर पोचले, हे जाता जाता.)

आमचा ब्लॉक सोळा मजली. पहिल्या आठवड्यात रिकाम्या हाताने एकदा चढलो आणि नवव्या मजल्यावर बसलो. तिसऱ्या आठवड्यात सॅकमध्ये पाच किलोची तांदळाची पिशवी टाकली, दुसऱ्या महिन्यात दोन पिशव्या. अकराव्या मजल्यावरच्या चिनी आंटी रोज विचारायच्या, "लिफ्ट स्पॉईल आ?" मग त्यांनी विचारणे सोडले आणि दारात थंड पाण्याची बाटली ठेवू लागल्या. रविवारी मॅकरिची जलाशयाभोवतीची वाट. भात रात्रीचा बंद, पोळी-भाजी चालू. पाच महिन्यांत वजन ७६ किलो झाले, कमर ९१ सेंटिमीटर आणि साखर ५.८. कमर अजून मर्यादेच्या आत नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

कपड्यांविषयी चार कामाच्या गोष्टी

१) सुती कपडा आपल्या हवेत उत्तम, थंड डोंगरात धोक्याचा. तो घाम धरून ठेवतो आणि ओला कपडा अंगातली ऊब ओढून घेतो. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर प्रयोग केला. माझा सुती टी-शर्ट कोरडा २१० ग्रॅम, भिजवून पिळल्यावर ४२० ग्रॅम. पॉलिएस्टरचा १४० ग्रॅम, तो पिळून १९० झाला. रात्री पंख्याखाली टाकले, सकाळी पॉलिएस्टरचा खडखडीत वाळलेला, सुती ओलसरच. बारीक लोकरीचा सावकाश वाळतो, पण तीन दिवस घातला तरी वास मारत नाही.

२) एक जाड कोट नको, तीन थर हवेत: अंगालगत घाम शोषून बाहेर सोडणारा, मध्ये ऊब देणारा, वर वारा-पाऊस अडवणारा. चढताना काढायचे, थांबलो की लगेच चढवायचे.

३) टपालाने मागवताना आधी एकच नग मागवावा. टेपने घेतलेले माप द्यावे आणि परत पाठवायचा खर्च कोणाचा ते वाचून घ्यावे. बूट मात्र दुकानात जाऊन, संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असताना, जाड मोजे घालूनच घ्यावेत.

४) परदेशातून ४०० डॉलरपर्यंतच्या मालावर इथे पूर्वी जी.एस.टी. पडत नसे. १ जानेवारी २०२३ पासून नोंदणी असलेले परदेशी विक्रेते तो बिलातच लावतात आणि २०२४ पासून दर ९ टक्के आहे. माझ्या ३१० डॉलरच्या खरेदीवर २७ डॉलर ९० सेंट. "परदेशातून स्वस्त पडते" हा हिशेब कर आणि टपालखर्च धरूनच करावा.

ओझे आणि विमा

सॅक पहिल्यांदा भरली तेव्हा १३.४ किलो झाली. ताईने फोनवर एकेक वस्तू वाचायला लावली. "दुसरी जीन्स कशाला?" "काठमांडूत घालायला." "काढ." अशा रीतीने ती ९.२ किलोवर आली.

विमा घेताना पॉलिसीतली बारीक अक्षरे वाचा. पुष्कळ पॉलिसींत चालण्याच्या उंचीला मर्यादा असते. खिंड ५४१६ मीटरची आणि विमा ४००० मीटरपर्यंतचा, असे झाले तर तो कागद काय कामाचा? हेलिकॉप्टरने खाली आणायची वेळ आली तर खर्च काही हजार अमेरिकन डॉलर होतो. परवान्याचे दरही नागरिकत्वावर ठरतात. अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्राचे शुल्क आम्ही गेलो तेव्हा भारतासह सार्क देशांच्या नागरिकांना १००० नेपाळी रुपये आणि इतरांना ३०००. भारतीयांना व्हिसा लागत नाही, सिंगापूरचा पासपोर्ट असेल तर लागतो. १ एप्रिल २०२३ पासून परदेशी पदयात्रींसाठी गाईडचा नियमही केला आहे. निघण्यापूर्वी ताजे नियम जरूर पाहावेत.

दोन खणांची वही

सर्वांत अवघड हिशेब ताईबरोबरचा. मी म्हटले, "ताई, सगळा खर्च मी करतो. माझ्या डॉलरला तिथे काही वाटत नाही." ती गप्प झाली. मग म्हणाली, "तू खर्च केलास तर मी तुझी पाहुणी. अर्धा-अर्धा केला तर आपण बहीण-भाऊ." आपल्यापैकी अनेकांनी आपल्या माणसांना असे पैसे देऊ केले असतील आणि फोनवरची ती शांतताही ऐकली असेल. मी मुकाट्याने वही केली, दोन खणांची. एकच गोष्ट तिच्या गळी उतरवली: अंदाजपत्रकात तीन जादा दिवस आणि त्यांचे पैसे वेगळे ठेवायचे, आणि त्यांना सुट्टी समजायचे नाही. कारण सांगितले ते ऑक्टोबर २०१४ चे. त्या वर्षी याच खिंडीच्या परिसरात अचानक आलेल्या हिमवादळात चाळीसहून अधिक माणसे दगावली. घाईने पुढे जावे लागू नये म्हणून हे तीन दिवस.

प्रस्थान

काठमांडूहून बसने बेसीसहर, उंची सुमारे ७६० मीटर. सकाळी निघायच्या वेळी लक्षात आले की अडतीसच्या मापाने मागवलेली नवी पँट आता कमरेवर थांबत नाही! ताईने पिशवीतून सेफ्टीपिन आणि गोफ काढला आणि गेस्ट हाउसच्या ओट्यावर बसून माझ्या अमेरिकन पँटीत नाडी ओवली. अशा थाटात आमचे प्रस्थान झाले.

सातव्या दिवशी मनांग, ३५४० मीटर. आणि तिथे डोके दुखू लागले ते माझे नव्हे, ताईचे! रोज डोंगर चढणारी बाई, जेवण नको म्हणू लागली. मनांगला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे मदत केंद्र हंगामात चालू असते. तिथल्या डॉक्टरांनी सांगितले की उंचीचा त्रास तब्येतीचा धडधाकटपणा पाहून येत नाही. तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा रोज पाचशे मीटरहून अधिक वर नेऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम करावा. डोके दुखत असताना वर चढू नये. तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी खाली उतरावे. डायमॉक्सची गोळी उपयोगी पडते, पण ती आपल्या डॉक्टरांना विचारून, विशेषतः सल्फाची ॲलर्जी असेल तर.

ताई ऐकेना. "माझ्यापायी दोन दिवस वाया. गोळी घेते आणि निघू."

मी म्हटले, "बाबांच्या वेळी तू अकरा रात्री हॉस्पिटलच्या बाकावर काढल्यास. मी विमानाने पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. मला इथे दोन दिवस बसू दे."

ती काही बोलली नाही. पांघरूण ओढून भिंतीकडे तोंड करून झोपली. दोन दिवस मी तिला लसणाचे गरम सूप आणून दिले आणि खिडकीतून गंगापूर्णा पाहत बसलो. तिसऱ्या सकाळी तिने स्वतःहून चहा मागितला. डोके उतरले होते. संध्याकाळी वही उघडली, तर त्या दोन दिवसांचा खर्च तिने माझ्या खणात लिहिला होता. पूर्ण. त्याविषयी आम्ही दोघेही आजवर बोललेलो नाही.

पुढची खिंड, बर्फ आणि मुक्तिनाथच्या १०८ धारा यांविषयी पुन्हा कधीतरी. संपादकांनी दिलेली जागा संपली. वाचकांना एवढीच विनंती की ट्रेकला जा अथवा न जा, आज घरातला टेप काढा. बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, पोट आत न ओढता माप घ्या. आकडा कागदावर लिहा आणि गावाकडच्या भावाबहिणीलाही फोन करून त्यांचा विचारा.

चू. भू. द्या. घ्या.