सरकार पडलं, तरी कारभार कोण चालवतं?

१७ एप्रिल १९९९. लोकसभेत वाजपेयींच्या विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूने २६९ मतं, विरोधात २७०. एका मताने सरकार गेलं! पर्यायी सरकार कुणालाच जमेना, म्हणून राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी २६ एप्रिलला लोकसभा विसर्जित केली. आणि मे महिन्यात कारगिल पेटलं.

ते अख्खं युद्ध काळजीवाहू सरकारने लढलं, हे आजही अनेकांना ठाऊक नसतं. लोकसभा नाही, मग मंत्रिमंडळ कसं? राज्यघटनेच्या कलम ७४ नुसार राष्ट्रपतींना सल्ला द्यायला मंत्रिमंडळ असलंच पाहिजे. लोकसभा विसर्जित झाली तरी ही अट सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच यू. एन. आर. राव खटल्यात स्पष्ट केलं होतं. राष्ट्रपतींनी एकट्याने कारभार हाकायचा, ही सोय आपल्या घटनेत केंद्रासाठी नाहीच. मला ही तरतूद फार मोलाची वाटते.

गंमत म्हणजे ‘काळजीवाहू सरकार’ हा शब्द घटनेत कुठेच नाही. मोठे धोरणात्मक निर्णय टाळायचे, हा निव्वळ संकेत. पण सीमेवर घुसखोर बसलेले असताना हात बांधून बसता येत नाही. सैन्य पाठवण्याचे, हवाई दल वापरण्याचे निर्णय याच मंत्रिमंडळाने घेतले. निवडणुका झाल्या त्या युद्ध संपल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये.