वजनकाट्यापलीकडची अंगणवाडी

जालना जिल्ह्यातल्या गावात अंगणवाडी कुठे म्हणून विचारलं, तर लोक शाळेच्या आवारातली किंवा समाजमंदिराशेजारची खोली दाखवतात. ‘तिथं खिचडी मिळते’ हेही बहुधा जोडीला सांगतात. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना रोज सुमारे ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं देणारा गरम आहार तिथे खरोखरच मिळतो. पण या संस्थेचं सर्वांत मोलाचं काम त्या खोलीत होतच नाही. गर्भवती आणि तीन वर्षांखालची मुलं रोज अंगणवाडीत येत नाहीत, म्हणून अंगणवाडीच त्यांच्या घरी जाते. मुलाच्या शरीराचा आणि मेंदूचा पाया याच काळात घातला जातो. तेव्हा अंगणवाडी हे मुलांइतकंच पालकांचंही केंद्र आहे, निदान असायला हवं.

या कल्पनेचं मूळ महाराष्ट्रातच सापडतं. ताराबाई मोडक यांनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभारलं. पुढे शहरातली बालशाळा खेड्यात न्यायची म्हणून त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. तिथे १९४५ मध्ये अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुलं शाळेपर्यंत येत नसतील तर शाळा त्यांच्या वस्तीत भरवायची, दारासमोरच्या मोकळ्या जागेत, माती, बिया, पानं यांनाच साधनं करून, ही दोघींची रीत होती. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मूल शिकताना आई उंबऱ्यात उभी राहून बघते आणि तिचंही शिक्षण होतं, हा त्या रीतीचा मोठा फायदा होता.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने देशातल्या ३३ प्रकल्पांमध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. पूरक आहार, शालापूर्व शिक्षण, आरोग्य व पोषण शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा अशा सहा सेवा अंगणवाडीतून द्यायच्या ठरल्या. योजना सर्वदूर पोहोचायला मात्र सर्वोच्च न्यायालयाचा रेटा लागला. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात २००१ पासून निघालेल्या आदेशांमुळे प्रत्येक वस्तीत अंगणवाडी असणं ही सरकारची जबाबदारी ठरली.

१ मे १९८१ रोजी स्वतंत्र झालेल्या जालना जिल्ह्यात आठ तालुके आहेत. जालना शहराची ओळख बियाणं आणि पोलाद ही आहे, तर आसपासच्या शिवारांत मोसंबीच्या बागा दिसतात. पण पाऊस बेभरवशाचा. दसरा-दिवाळीनंतर अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर या भागांतून मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात. लहान मूल सोबत गेलं तर त्याचे पुढचे पाच-सहा महिने फडाशेजारच्या पालात जातात, आणि गावात राहिलं तर ते आजीच्या हवाली होतं. पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवर स्थलांतराची नोंद करता येते. पण गावात जुळलेली अंगणवाडीची ताई पालात नसते. मागे राहिलेल्या मुलांच्या घरी सेविकेला आजीशी बोलावं लागतं, आणि नऊ नातवंडं वाढवलेल्या आजीला बाळाचं खाणं समजावून सांगणं सोपं नाही.

दुसरी अडचण आईच्या वयाची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार जालना जिल्ह्यातल्या २० ते २४ वयोगटातल्या सुमारे ३५ टक्के स्त्रियांचं लग्न अठराव्या वर्षाआधीच झालेलं होतं. स्वतःची वाढ पुरी न झालेल्या मुलीच्या पोटी अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ जन्मण्याचा धोका वाढतो. त्यामुळे अंगणवाडीचं काम बाळंतपणाच्या आधीच सुरू होतं. किशोरींच्या बैठका होतात, पहिलटकरणीचं डोहाळजेवण अंगणवाडीत केलं जातं आणि सहा महिन्यांच्या बाळाची उष्टावणही. परंपरेतले हे दोन समारंभ पोषणाच्या कार्यक्रमात आणणं ही शहाणपणाची गोष्ट होती. ओटी भरायला सासू येते, आणि लोहाच्या गोळ्यांचा विषय तिच्या देखत निघतो. घरात कोण काय खाणार हे बहुतेक वेळा तीच ठरवते.

हे काम करायचं तर आधी नोंद खरी हवी, आणि तिचं महत्त्व मराठवाड्याला फार महागात कळलं. २००१ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या भादली गावातले बालमृत्यू वृत्तपत्रांतून गाजले. तेव्हा औरंगाबादचे विभागीय आयुक्त असलेले व्ही. रमणी यांनी युनिसेफच्या साहाय्याने विभागात मोहीम हाती घेतली. जालना याच विभागात येतो. प्रत्येक मुलाचं वजन करायचं आणि कुपोषित मूल सापडलं म्हणून सेविकेला धारेवर धरायचं नाही, हा मोहिमेचा गाभा होता. शिक्षेची भीती असेपर्यंत कागदावर मुलं धडधाकटच दिसणार. याच अनुभवातून २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभं राहिलं. दोन वर्षांखालच्या मुलांमधलं खुजेपणाचं प्रमाण राज्यात २००५-०६ मध्ये सुमारे ३९ टक्के होतं, ते २०१२ च्या पाहणीत सुमारे २३ टक्क्यांवर आलं. पुढे हा वेग टिकला नाही. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात राज्यातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं खुजी आढळली.

मूल खुजं का राहतं, याचं उत्तर निव्वळ शिध्याच्या पाकिटात नाही. सहा महिन्यांनंतर वरचं खाणं सुरू झालं का, जुलाब झाल्यावर ते थांबवलं का, बाळाशी दिवसभरात कोण बोलतं, हे प्रश्न घरातच सुटतात. ‘आरंभ’ या उपक्रमाने हेच सूत्र धरलं. सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था, युनिसेफ आणि बालविकास विभाग यांनी तो आधी यवतमाळमध्ये आणि जालन्याला लागून असलेल्या तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात राबवला. गृहभेटीत सेविका कुपोषणावर भाषण देत नाही. आईला बाळाबरोबर खेळायला लावते. वाटी-चमचा, रंगीत चिंधी, दाणे घातलेली बाटली एवढ्यावर भागतं. पालक मेळाव्यात बापालाही मांडी घालून बसवतात. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ हा आराखडा आणला, त्याचाही रोख असाच आहे.

हे सगळं करणारी सेविका गावचीच असते, बहुधा गावची सून. कोणाच्या घरात दारू आहे, कोणती आई माहेरी निघून गेली, कोणाचं दूध आटलं, हे तिला ठाऊक असतं. बाहेरून नेमलेल्या कोणालाही इतकं कळणार नाही. मदतनीस आहार शिजवणं-वाटणं आणि मुलांना आणणं सांभाळते. आशा आणि नर्सबाई लसीकरणाच्या दिवशी सोबत असतात. तरी शालापूर्व शिक्षण, वजन-उंची, शिधावाटप, सर्वेक्षणं आणि अ‍ॅपवरच्या नोंदी तिच्याच माथी. २०२१ मध्ये राज्यातल्या हजारो सेविकांनी सरकारी फोन निकृष्ट म्हणून परत केले. पोषण ट्रॅकर मराठीत नाही, हीही त्यांची तक्रार होती. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविकांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये मानधन आणि पेन्शनसाठी सुरू झालेला संप पुढल्या जानेवारीच्या अखेरपर्यंत चालला. कायद्याच्या लेखी त्या आजही मानसेवीच आहेत.

अ‍ॅपवर गृहभेटीची खूण होते. पण ती भेट पाच मिनिटांची होती की तासाभराची, आजीने ऐकलं की नाही, हे खुणेवरून कळत नाही. मोजता येणारं काम आधी उरकलं जातं आणि न मोजता येणारं उरलेल्या वेळात ढकललं जातं. म्हणून जालन्यासारख्या जिल्ह्यात अंगणवाडी सुधारायची तर रंगवलेल्या भिंतींच्या आधी सेविकेची दुपार मोकळी करायला हवी. नोंदींचा भार कमी करा, मदतनिसाच्या रिकाम्या जागा भरा, आणि तोडीच्या हंगामात मागे राहिलेल्या मुलांच्या घरी जादा भेटी ठरवून द्या. ऊस तोडायला गेलेल्या आईच्या माघारी तिच्या बाळाची रोज विचारपूस करणारी दुसरी सरकारी यंत्रणा गावात नाही.