सेवेकडून न्यायाकडे

रोडपाली, कळंबोली, तळोजा हा पट्टा पनवेल तालुक्यात ओळखला जातो तो सिडकोच्या वसाहती, लोखंडाचा बाजार आणि औद्योगिक वसाहत यांमुळे. याच पट्ट्यात तळोजा मध्यवर्ती कारागृह आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये तेथे ८३ वर्षांचे एक कच्चे कैदी आणण्यात आले. झारखंडातील आदिवासींमध्ये आयुष्य घालवलेले हे ख्रिस्ती धर्मगुरू म्हणजे फादर स्टॅन स्वामी. एल्गार परिषद प्रकरणात, बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्यांना रांचीत अटक केली होती. बंदी घातलेल्या माओवादी पक्षाशी त्यांचा संबंध असल्याचा यंत्रणेचा आरोप होता. तो त्यांनी सातत्याने नाकारला.

धर्मगुरूचे काम प्रार्थनेचे, फार तर शाळा-दवाखान्याचे. जमिनीच्या हक्कांशी त्याचा संबंध काय, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. त्याचे उत्तर ख्रिस्ती विचारातच झालेल्या एका स्थित्यंतरात सापडते.

महाराष्ट्राला ख्रिस्ती सुधारकार्याचा परिचय मुख्यतः शिक्षण आणि सेवा या रूपांत झाला. अहमदनगरच्या मिस फरार यांच्या मुलींच्या शाळेपासून जोतीराव फुले यांनी प्रेरणा घेतली. पंडिता रमाबाईंनी दुष्काळग्रस्त मुली आणि विधवा यांना केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आसरा दिला. या कार्यामागे धर्मांतराचा हेतू होता की निखळ करुणा, हा वाद तेव्हापासून चालत आला आहे आणि तो निराधार म्हणता येणार नाही. परंतु करुणेलाही एक मर्यादा असते. भुकेल्याला ती अन्न देते. तो भुकेला का राहिला, हे विचारतेच असे नाही.

हा दुसरा प्रश्न कॅथलिक चर्चने उशिराने हाती घेतला. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये एका परिपत्रकाद्वारे कामगारांचे न्याय्य वेतन आणि संघटनेचा हक्क मान्य केला. १९६२ ते १९६५ या काळातील दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने चर्चला समाजाच्या प्रश्नांकडे अधिक वळवले. पुढे १९७४-७५ मध्ये रोम येथे भरलेल्या येशूसंघाच्या, म्हणजेच जेझुइट पंथाच्या महासभेने न्यायासाठी झटणे हा श्रद्धेचाच अनिवार्य भाग असल्याचे ठरवले. फादर स्वामी याच संघाचे. १९७५ पासून सुमारे दहा वर्षे ते बंगळुरूच्या इंडियन सोशल इन्स्टिट्यूटचे संचालक होते. वसईत पाणी आणि जमीन वाचवण्यासाठी उभे राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे मराठी वाचकांच्या अधिक परिचयाचे. ते जेझुइट नव्हते, परंतु धर्मगुरूने अशा प्रश्नांत पडावे ही भूमिका त्यांचीही होती.

झारखंडात स्वामींनी विस्थापन, ग्रामसभांचे अधिकार आणि पेसा कायद्याची अंमलबजावणी हे विषय लावून धरले. नक्षलवादी ठरवून तुरुंगात डांबलेल्या आदिवासी तरुणांची त्यांनी पाहणी केली आणि रखडलेल्या खटल्यांबाबत उच्च न्यायालयात धाव घेतली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेला आणि पाच जणांचा बळी गेलेला शेतकऱ्यांचा लढा ज्यांच्या स्मरणात आहे, त्या पनवेल-उरणच्या भूमिपुत्रांना जमीन जाणे म्हणजे काय, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

कच्च्या कैद्यांचा हा अभ्यासक अखेर स्वतःच कच्चा कैदी झाला. कंपवातामुळे हातात पेला धरता येत नसल्याने त्यांनी नोव्हेंबर २०२० मध्ये नळी आणि सिपर यांसाठी न्यायालयात अर्ज केला. उत्तरासाठी तपास यंत्रणेने २० दिवस मागितले. सिपर पुढे कारागृहात मिळाला. मार्च २०२१ मध्ये विशेष न्यायालयाने जामीन नाकारला. मे महिन्यात दूरदृश्य प्रणालीद्वारे उच्च न्यायालयासमोर आल्यावर, तळोज्यात आलो तेव्हा स्वतः चालत आणि जेवत होतो, आता ते जमत नाही, असे त्यांनी सांगितले. सरकारी रुग्णालय नको, रांचीला आपल्या माणसांत जाऊ द्या, एवढीच त्यांची मागणी होती. न्यायालयाच्या आदेशाने २८ मे रोजी त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवण्यात आले. तेथे करोनाचे निदान झाले आणि ५ जुलै २०२१ रोजी त्यांचे निधन झाले. जामिनाच्या सुनावणीच्या वेळीच ही वार्ता न्यायालयाला कळवण्यात आली.

खटला उभा राहण्यापूर्वीच आरोपी गेल्याने आरोपांचा निवाडा झाला नाही. स्वामींच्या संगणकात कागदपत्रे बाहेरून घुसवण्यात आली होती, असा निष्कर्ष बचाव पक्षाच्या वतीने तपासणी करणाऱ्या अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने डिसेंबर २०२२ मध्ये काढला. त्यांचे नाव निष्कलंक ठरावे, यासाठी त्यांच्या जेझुइट सहकाऱ्यांनी मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठावले.