रक्ताची वाट

भाईंदरच्या मिठागरांकडे भरतीच्या वेळी जाऊन पाहा. खाडीचे पाणी चरांतून आत येते. सरळ चरात ते झपाट्याने वाहते. पण चर जेथे वळतो किंवा त्याला फाटा फुटतो, तेथे काठाशी पाणी रेंगाळते. गाळ बसतो तो तेथेच. मिठागरात राबणाऱ्यांना हे आम्ही सांगायला नको. फावड्याने तो गाळ त्यांनाच उपसावा लागतो.

आपल्या अंगातही असे चर आहेत. त्यांना रक्तवाहिन्या म्हणतात. हृदयातून निघणारी मोठी धमनी अंगठ्याहून जाड असते. तिला फाटे, त्या फाट्यांना आणखी फाटे फुटतात. शेवटच्या वाहिन्या केसाहून कितीतरी बारीक असतात.

रक्त म्हणजे नुसतं लाल पाणी नव्हे, बरं का! टाचणीच्या टोप्याएवढ्या थेंबात सुमारे ५० लाख तांबड्या पेशी असतात. पेढा मधोमध बोटाने दाबतात ना, तशी पेशी असते. फक्त ती दोन्ही बाजूंनी दबलेली असते. सरळ वाहिनीत या पेशी मधून धावतात. भिंतीलगत बहुतेक पाणीच असते. बारीक वाहिनीत वाट पेशीहूनही अरुंद होते. मग पेशी मुडपून, एकामागून एक अशा जातात. नंदुरबार, गडचिरोलीकडे आढळणाऱ्या सिकलसेल आजारात पेशी विळ्यासारख्या वाकड्या व ताठ होतात. त्या मुडपत नाहीत. वाट अडते आणि रोग्याची हाडे ठणकतात.

आता फाट्याकडे वळू. मानेत, जबड्याच्या खाली, धमनीचे दोन फाटे होतात. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांनाही फाटे असतात. फाट्याच्या बाहेरच्या कडेला रक्त रेंगाळते, उलटसुलट फिरते. भिंतीच्या आतल्या नाजूक थराला हे सोसत नाही. तेथून चरबी आत शिरते. खाडीचा गाळ तळावर बसतो, ही चरबी मात्र भिंतीच्या आतच साठते. म्हणून ती सहज खरवडून काढता येत नाही. तंबाखू, मधुमेह, रक्ताचा वाढलेला दाब यांनी ती लवकर साठते.

भिंतीला असा फुगवटा आला की वाट अरुंद होते. तेथून रक्त जोराने निसटते आणि पुढे भोवरे घेते. एखादे दिवशी फुगवट्याची साल फाटते. रक्त गोठवणाऱ्या पेशी तेथे धावून येतात, गुठळी होते आणि वाट बंद पडते. हृदयाच्या धमनीत असे झाले, तर तोच हृदयाचा झटका.

छातीवर दाब येतो, घाम सुटतो, हात किंवा जबडा दुखतो. पुष्कळ लोक म्हणतात, "वात धरलाय, सोडा घेतला की बरं वाटेल." आमच्या मते येथेच घात होतो. हृदयाचा भाग मिनिटामिनिटाला मरत असतो. लगेच १०८ क्रमांकावर फोन करून गाडी बोलवावी. डॉक्टर गुठळी विरघळवणारे औषध देतात, किंवा बारीक नळीतून फुगा घालून वाट रुंद करतात व तेथे जाळी बसवतात. जाळीने वाट मोकळी होते, पण भिंतीचे जुने वळण व फाटा जागच्या जागीच राहतो. म्हणून घरी आल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस गोळ्या चालू ठेवाव्या लागतात.