एस.टी.चा एकत्र प्रपंच

वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी, पुढे निजामाच्या सुभ्याचे ठाणे आणि इंग्रजी अमलात १९०५ पर्यंत एका स्वतंत्र जिल्ह्याचे मुख्य गाव, असा अचलपूरचा लौकिक आहे. तथापि अचलपूरकरास परगावी जावयाचे झाले म्हणजे या लौकिकाचा त्यास काडीइतका उपयोग होत नाही. तो आपली पिशवी उचलतो आणि शेजारच्या परतवाड्यास, म्हणजे जुन्या छावणीत, एस.टी.च्या स्टँडवर येऊन उभा राहतो. गावे दोन, परंतु नगरपालिका एक आणि मोटारींचे आगारही एकच; ते परतवाड्यास आहे.

बहिरमच्या यात्रेच्या दिवसांत एका आजारी आप्ताच्या समाचारासाठी आम्हांस तिकडे जाण्याचा योग आला. परत निघण्याच्या दिवशी गाडीस अवकाश होता, म्हणून स्टँडवरील बाकावर बसून आम्ही येणारी-जाणारी माणसे न्याहाळीत होतो. एकीकडून अमरावतीच्या गाड्या लागत होत्या, दुसरीकडून अंजनगाव-अकोटावरून अकोल्यास जाणाऱ्या. चिखलदऱ्याची घाट चढून जाणारी, सेमाडोह-हरिसालवरून धारणीस जाणारी, आणि सरहद्द ओलांडून मध्यप्रदेशातील बैतूलकडे जाणारी. एक कोरकू म्हातारी डोक्यावरचे बोचके खाली ठेवून खिडकीपाशी आली व म्हणाली, "भाऊ, सेमाडोहची लागली काय?" आतून उत्तर आले, "लागून राह्यली आजी, बसा थोडं." गाडी लागली, म्हातारी चढली, आणि एवढ्या मोठ्या गाडीतून मोजून नऊ माणसे मेळघाटाकडे रवाना झाली.

आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ बसले होते. ते हळहळून म्हणाले, "पाहिलेत? पन्नास माणसांची गाडी नऊ माणसांसाठी डोंगर चढते. घरच्या व्यवहारात असे चालेल काय?" प्रश्न साधा होता आणि त्यात तथ्यही दिसत होते. गाडी सुटेपर्यंत आम्ही त्याचाच विचार करीत होतो, आणि पुढे चौकशी करता जे समजले ते वाचकांपुढे ठेवण्याजोगे वाटले.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, वऱ्हाडात मोटारी प्रथम धावू लागल्या त्या कोणाच्या आखणीने नव्हेत. ज्याच्यापाशी चार पैसे होते त्याने मोटार घेतली आणि जेथे उतारू अधिक तेथे ती पिटाळली. बाजाराच्या दिवशी एकाच रस्त्यावर चार-चार मोटारी एकमेकींच्या पुढे धावत, उतारूंची ओढाताण होई. आणि आडवळणाच्या गावी पंधरा-पंधरा दिवस चाक फिरकत नसे. या बेबंदपणास आळा घालण्यासाठी १९३९ सालचा मोटार वाहन कायदा झाला. त्याने प्रादेशिक परिवहन प्राधिकरणे निर्माण केली, परवान्यावाचून भाड्याची मोटार चालविण्यास बंदी केली, आणि परवाना देताना रस्ता व रूळ या दोहोंची सांगड घालण्याचाही विचार व्हावा, असे सुचविले. म्हणजे कोणती मोटार कोठे व किती वेळा धावावी, हा प्रश्न मालकाच्या मर्जीवर न सोडता लोकांच्या सोयीने सोडवावयाचा, हे तत्त्व तेव्हापासूनचे आहे.

पुढचा इतिहास थोडक्यात असा. मुंबई इलाख्यात १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सरकारी एस.टी.ची पहिली गाडी सुटली. वऱ्हाड त्या वेळी मध्यप्रांतात होता आणि इकडची मोटारींची व्यवस्था निराळी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि १९६१ पासून महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ या एकाच छत्राखाली कोकणापासून मेळघाटापर्यंतच्या गाड्या आल्या. मराठवाड्याच्या वाट्यास तर १९३२ साली निजाम सरकारच्या रेल्वे खात्यानेच सुरू केलेल्या मोटारींचा वारसा आला होता. तीन घरांतून तीन सुना याव्यात आणि एका चुलीवर त्यांचा मेळ बसावा, तसाच हा प्रकार झाला.

आज या संस्थेची रचना घराच्या उतरंडीसारखी आहे. मुंबईस मध्यवर्ती कार्यालय, त्याखाली सहा प्रदेश, त्यांखाली एकतीस विभाग, आणि विभागाखाली आगारे. परतवाड्याचे आगार अमरावती विभागात मोडते. दर्यापूर, मोर्शी, वरूड, चांदूर बाजार ही त्याची भावंडे. भाडे कोणी आगारप्रमुख ठरवीत नाही. सहा किलोमीटरचा एक टप्पा धरून सबंध राज्यात एका प्रकारच्या गाडीस एकच दर असतो. परंतु गाडी केव्हा सुटावी, कोठे मुक्काम करावी, कोणत्या फाट्यावर थांबावी, हे ठरते ते खाली, आगारात. आणि खरी कसोटी तेथेच लागते.

आपणां उतारूंस वेळापत्रक म्हणजे भिंतीवरचा फलक वाटतो. आगाराच्या दृष्टीने ते गाड्यांचे आणि माणसांचे एक विणकाम आहे. एक गाडी दिवसभरात एकच फेरी करीत नाही. पहाटे ती एखाद्या खेड्यातून विद्यार्थ्यांस घेऊन येते, तीच दहा वाजता अमरावतीस निघते, दुपारी परत फिरते, संध्याकाळी दुसऱ्याच खेड्यात जाते आणि रात्रीचा मुक्काम तेथेच करते. तिच्या प्रत्येक कामगिरीस चालक आणि वाहक यांची जोडी लागते. त्यांच्या कामाच्या तासांस आणि विश्रांतीस कायद्याने मर्यादा आहे. डिझेल आगारात भरावयाचे, तपासणी आगारात व्हावयाची, वाहकाचा हिशेबही आगारातच चुकता व्हावयाचा. अशा स्थितीत पहाटेची गाडी घाटात अर्धा तास अडकली की दुपारचे अमरावतीचे उतारू खोळंबतात, आणि ज्या खेड्याने ती पहाटेची गाडी कधी पाहिलीही नाही त्या खेड्याची संध्याकाळची गाडी उशिरा पोहोचते. शिवाय अमरावतीच्या रस्त्यावर एकट्या परतवाड्याच्याच गाड्या नसतात. इतर आगारांच्याही असतात. त्या सर्व एकापाठोपाठ सुटून पुढे तासभर रस्ता रिकामा पडू नये, ही जोडणी विभागाने करावयाची असते. बैतूलकडील गाड्यांचा मामला तर दोन राज्यांचा. कोणत्या राज्याच्या गाडीने दुसऱ्याच्या हद्दीत किती किलोमीटर धावावयाचे, याचा परस्पर करार असल्याशिवाय एक चाक पलीकडे जात नाही.

आता त्या नऊ उतारूंच्या गाडीकडे वळू. एस.टी.च्या भाषेत गाडीतील एकंदर जागांच्या मानाने किती उतारू मिळाले यास भारमान म्हणतात. त्या फेरीचे भारमान अर्थातच वाईट. परंतु डोंगरातील मुक्कामी गाडीचे गणित तिच्या चढत्या फेरीवर मांडता येत नाही. संध्याकाळी ती रिकामी चढते, कारण संध्याकाळी डोंगरात जाणारे थोडे. पहाटे ती भरून उतरते, कारण दवाखाना, कचेरी, बाजार आणि महाविद्यालय ही सारी खाली आहेत. संध्याकाळची फेरी तोट्याची म्हणून बंद केली तर पहाटेची फेरी आपोआप बुडते; कारण रात्री गाडी वर नसेल तर पहाटे खाली येणार कोठून? आणि पहाटेची गाडी बुडाली म्हणजे प्रथम शाळा सुटते ती मुलीची. मुलगा कोणाच्या तरी दुचाकीवर मागे बसून जातो. मुलीस तसे पाठविण्यास घरचे कचरतात. याच कारणास्तव मागास ठरविलेल्या तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाखाली मुलींसाठी निराळ्या निळ्या गाड्या सरकारने एस.टी.कडे दिल्या. सरकारी योजनांविषयी आम्ही फारसे उत्साही नसतो, पण या एका बाबतीत आमची तक्रार नाही.

राहिला प्रश्न पैशाचा. डोंगरातील फेरीचा तोटा भरून निघावयाचा तो अमरावतीच्या भरलेल्या गाड्यांतून. ज्या घरात थोरला वकिली करतो, मधला शेती पाहतो आणि धाकटा अद्याप शिकतो, त्या घरात धाकट्याचे ताट त्याच्या मिळकतीवर कोणी वाढीत नाही. एस.टी.चा संसार याच रीतीचा आहे. म्हणून जेव्हा खाजगी गाड्या आणि काळी-पिवळी जीप नेमक्या गर्दीच्या वेळी, नेमक्या गर्दीच्या रस्त्यावर उभ्या राहून उतारू उचलतात, तेव्हा त्या एस.टी.चा केवळ एक गिऱ्हाईक नेत नाहीत. ज्याच्या मिळकतीवर घर चालते तो थोरला भाऊच नेतात. मेळघाटातील म्हातारीस मात्र कोणी नेत नाही. त्या जीपवाल्याचाही संसार आहे हे आम्ही विसरत नाही. परंतु १९३९ च्या पूर्वीचा बेबंदपणा याहून निराळा नव्हता.

या प्रपंचावर इतरही भार आहेत. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांस प्रवास विनामूल्य झाला, आणि १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांस अर्धे तिकीट. परिणामी ज्या घरांत सासुबाई वर्षानुवर्षे माहेरचे गाव न पाहता बसल्या होत्या त्या आता सुनेस सांगून सकाळी निघतात आणि दिवेलागणीस परत येतात. सवलतीची रक्कम सरकारने महामंडळास भरून द्यावयाची असते. ती वेळेवर न आली की टायर, सुटे भाग आणि पगार या तिन्हींवर ओढ पडते, आणि गाडी बिघडून रस्त्यात उभी राहिली म्हणजे शिव्या खातो तो वाहक. २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत कर्मचाऱ्यांचा दीर्घ संप झाला. सरकारी सेवेत विलीनीकरण करा, ही त्यांची मागणी होती. ती योग्य की अयोग्य याचा निर्णय आम्ही देत नाही. पण त्या महिन्यांत ज्यांनी खेड्यात दिवस काढले त्यांस रिकाम्या गाडीची किंमत सांगावी लागत नाही.

रस्ता व रूळ यांची सांगड घालण्याची जी गोष्ट १९३९ च्या कायद्याने सुचविली होती, तिची अचलपुरातील कहाणी मात्र खेदाची आहे. येथे रूळही होते. कापूस मुंबईकडे नेण्यासाठी किलिक निक्सन यांच्या कंपनीने घातलेला अडीच फुटी रुळांचा हा फाटा मूर्तिजापुराहून दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट असे करीत अचलपुरास येई. दुसरा फाटा मूर्तिजापुराहून यवतमाळास जाई. लोक तिला लाडाने शकुंतला म्हणत. १५ एप्रिल १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. देशातील रेल्वे सरकारच्या हाती आली तरी हे रूळ कंपनीच्याच मालकीचे राहिले. गाडी चालवावी रेल्वेने, मालकी कंपनीची, आणि दुरुस्तीच्या नावाने सर्वत्र सामसूम. सुमारे ७६ किलोमीटरांस चार तास लागू लागले. तरीही गरीब माणूस तीतच बसे, कारण तिचे भाडे मोटारीच्या मानाने पुष्कळच कमी असे. मोठ्या रुळांची घोषणा २०१६ साली झाली; गाडी पुढे थांबली, आणि मोठे रूळ अद्याप आलेले नाहीत. त्या गाडीच्या उतारूंचा भार अर्थात मोटारींवर आला.

आज अचलपूरकरास मुंबईची गाडी धरावयाची म्हणजे अमरावती किंवा बडनेरा गाठणे आले. आगगाडीचे वेळापत्रक एक खाते करते, मोटारीचे दुसरे. परप्रांतातील एका जंक्शनावर आमची आगगाडी वीस मिनिटे उशिरा पोहोचली आणि बाहेरची शेवटची मोटार आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली, ती रात्र आम्ही सामानावर डोके ठेवून काढली. तेव्हापासून या विषयात आम्ही निःपक्षपाती राहिलेलो नाही. दोन खात्यांनी, रेल्वेची वेळ बदलते तेव्हा, एकत्र बसून शेवटच्या मोटारीची वेळ जुळविली तर त्यास फारसा खर्च नाही.

गावकऱ्यांच्या हातीही काही आहे. नवी फेरी हवी असल्यास किंवा वेळ बदलावयाची असल्यास ग्रामपंचायतीने ठराव करून तो आगारप्रमुखांकडे द्यावयाचा. शाळेचे पत्र, पासधारक विद्यार्थ्यांची संख्या आणि रस्त्याची स्थिती त्यासोबत जोडली तर विचार लवकर होतो. नुसते 'गाडी पाहिजे' असे लिहिलेले अर्ज पुष्कळ येतात. कोणत्या वेळी किती माणसे, हे लिहिलेले थोडे.

त्या दिवशी आमची अमरावतीची गाडी सुटली तेव्हा शेजारचे गृहस्थही तीतच चढले. उभे राहण्यासही जागा नव्हती. खिशातील ओळखपत्र दाखवून त्यांनी आपले सवलतीचे तिकीट घेतले, ते नीट घडी करून ठेवले, आणि कोणीतरी उठून दिलेल्या जागेवर बसले.